बांधावरची रानभेंडी आणि तिच्या नावाचा प्रश्न

या खेपेला खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांचा रोख एकाच वनस्पती-कुलाकडे आहे, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. भेंडी, कपाशी, अंबाडी, जास्वंद, सावर आणि चिकणा ही त्या कुलातली आपल्या रोजच्या पाहण्यातली मंडळी. खरिपात तापीच्या खोऱ्यातल्या एखाद्या बांधावर उभे राहून चहूकडे नजर टाकली, तर समोरच्या हिरवाईचा मोठा हिस्सा याच कुलाचा असतो, तेव्हा प्रश्नही त्याच्याविषयी यावेत हे स्वाभाविक आहे.

उत्तरांपूर्वी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. वृत्तपत्रे ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापतात. परंतु मराठी परिभाषेत प्रजाती हा अनेक जातींचा गट असतो. भेंडी, कस्तुरभेंडी आणि रानभेंड्या या निरनिराळ्या जाती, त्या सर्वांची मिळून एक प्रजाती, आणि अशा सुमारे 240 प्रजातींचे मिळून भेंडी कुल, ज्याला शास्त्रीय भाषेत माल्व्हेसी म्हणतात. या कुलात जगभरात 4,200 च्या आसपास जाती मोजल्या जातात. खालच्या मजकुरात हे शब्द याच अर्थाने वापरले आहेत.

प्रश्न : आमचे शेत यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. कानबाईच्या सणानंतर बांधावर भेंडीसारखे एक झुडूप वाढले. फूल पिवळे आणि मधोमध गर्द जांभळे आहे. फळ आखूड व पाचकोनी असून त्यावर अशी लव आहे की हाताला खाज सुटते. आई त्याला नुसते रानभेंडी म्हणते. मोबाइलमधल्या ॲपने तीन वेळा तीन वेगवेगळी नावे दाखवली. ही नवी जाती असू शकेल काय? असल्यास तिला नाव देण्याचा अधिकार कोणाचा, आणि ते माझ्या आईच्या नावावरून ठेवता येईल काय? (एक शेतकरी वाचक, तालुका यावल)

उत्तर : आपण पाठवलेली सर्व छायाचित्रे फुलाच्या समोरून घेतलेली आहेत, आणि नेमकी तीच बाजू ओळख पटवण्याच्या दृष्टीने सर्वांत कमी उपयोगाची आहे. ॲपचा गोंधळही त्यामुळेच झाला असावा. या गटात पिवळ्या पाकळ्या आणि जांभळा मध्य असलेल्या जाती अनेक आहेत, घरच्या भेंडीचे फूलही तसेच असते, त्यामुळे तेवढ्यावरून नाव सांगणे म्हणजे पागोट्यावरून माणूस ओळखण्यासारखे आहे. फूल उलटे करून त्याची पाठ पाहावी लागते.

पाठीमागे पहिल्यांदा पाहायची ती पाकळ्यांना धरून ठेवणारी हिरवी वाटी, जिला संवर्त म्हणतात. भेंडीच्या प्रजातीत ही वाटी फूल उमलताना एका बाजूने उभी फाटते आणि पुढे पाकळ्यांबरोबरच गळून पडते. बाजारातून आणलेल्या भेंडीच्या देठाजवळ पाहिले, तर वाटीचा अवशेष दिसत नाही, फक्त गोल वळ दिसतो. याउलट अंबाडीचे बोंड शेवटपर्यंत आपल्या वाटीत बसलेले असते. भाजी चिरताना रोज हाताखालून जाणारा हा फरक प्रजाती ठरवण्याइतका महत्त्वाचा आहे. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली भेंडीला जास्वंदीच्या प्रजातीत, म्हणजे हिबिस्कसमध्ये, घातले होते. 1787 साली मेडिकस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने भेंडीच्या गटासाठी ॲबेलमॉस्कस ही स्वतंत्र प्रजाती मांडली, आणि 1794 साली म्योंख याने आपल्या खाण्यातल्या भेंडीला तिच्यात बसवले. तेव्हापासून भेंडीचे शास्त्रीय नाव ॲबेलमॉस्कस एस्क्युलेंटस असे आहे. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘खाण्याजोगी’ एवढाच.

दुसरी खूण आपल्या प्रश्नाचा निकाल लावणारी आहे. संवर्ताच्या बाहेर, देठाच्या बाजूला, लहान हिरव्या पट्ट्यांची आणखी एक रांग असते. तिला अपिसंवर्त म्हणतात. या पट्ट्या किती आहेत, त्यांची रुंदी किती आहे आणि फळ धरल्यावर त्या टिकतात की गळतात, या तीन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. आपल्या काळ्या जमिनीत सर्रास उगवणाऱ्या एका रानभेंडीत, जिचे नाव ॲबेलमॉस्कस फिकुलनियस आहे, या पट्ट्या बारीक असून लवकर गळून जातात, आणि तिच्या पांढऱ्या पाकळ्या जुन्या होताना गुलाबी पडतात. कस्तुरभेंडीत पट्ट्यांची संख्या जास्त, साधारण सात ते दहा, आणि त्या अगदी अरुंद असतात. तिसऱ्या एका रानभेंडीत, म्हणजे ॲबेलमॉस्कस मॅनिहॉटच्या रानटी उपजातीत, पट्ट्या चार ते सहाच असतात, पण त्या पानासारख्या रुंद असून फळाच्या बुडाशी टिकून राहतात. पिवळे फूल, आखूड पाचकोनी फळ आणि टोचरी लव या आपल्या वर्णनावरून माझा कल या तिसरीकडे आहे. पट्ट्या मोजून कळवल्यास मत पक्के करता येईल.

म्हणजे आपली वनस्पती शास्त्राला आधीच ठाऊक असण्याची शक्यता मोठी आहे. पण यामुळे तिचे मोल कमी होत नाही. भेंडीच्या गुणसूत्रांची संख्या वाणागणिक बदलते, तरी सर्वाधिक वेळा नोंदली गेलेली संख्या 130 आहे. काळ्या जमिनीतल्या फिकुलनियसची संख्या 72, आणि 1952 साली पाल व सिंग यांनी वर्णन केलेल्या ॲबेलमॉस्कस ट्युबरक्युलेटस या रानटी जातीची 58. या दोन संख्यांची बेरीज केल्यावर आपली भेंडी या दोघींच्या संकरातून उपजली असावी, असे मत अभ्यासकांनी मांडले. मत अजून मतच आहे, पण बांधावरच्या तणाकडे पाहण्याची दृष्टी त्याने बदलते. मॅनिहॉटचा उपयोग तर प्रत्यक्ष शेतात झालेला आहे : शिरा पिवळ्या पाडणाऱ्या, पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या केवडा रोगाला तोंड देणारा ‘परभणी क्रांती’ हा वाण घरच्या भेंडीचा या रानभेंडीशी संकर करून तयार झाला.

आता नवी जाती कशी ठरते ते सांगतो. ‘यापूर्वी मी हिला पाहिले नाही’ हे पुरावा म्हणून चालत नाही. ‘आजवर वर्णन केलेल्या एकाही जातीशी ही जुळत नाही’ हे दाखवावे लागते, आणि ते दाखवण्यासाठी जुन्या वर्णनांबरोबरच ती वर्णने ज्या वाळवलेल्या नमुन्यांवरून लिहिली गेली ते मूळ नमुनेही तपासावे लागतात. म्हणून नव्या जातीचा शोध बहुधा जंगलात पुरा होत नाही. तो वनस्पतिसंग्रहालयाच्या कपाटापुढे पुरा होतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, नव्याने वर्णन झालेल्या सपुष्प वनस्पतींपैकी जेमतेम 16 टक्के जातींचे वर्णन नमुना गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत झाले होते, आणि जवळजवळ एक चतुर्थांश जातींचे नमुने पन्नास वर्षांहून अधिक काळ कपाटात पडून होते. कुणीतरी ते चुकीच्या नावाच्या गठ्ठ्यात बांधले होते आणि पुढे कुणीतरी तो गठ्ठा सोडला, एवढाच त्यातल्या बऱ्याच शोधांचा इतिहास असतो.

भेंडीच्या गटात असे शोध आपल्याच देशात अलीकडे लागले आहेत. छत्तीसगडमधून ॲबेलमॉस्कस पालियानस ही जाती, आणि पश्चिम घाटातून आणखी एक जाती, अशा दोन जातींचे वर्णन गेल्या पंधरा वर्षांच्या आतबाहेर झाले. दोन्ही कामांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील अभ्यासकांचा सहभाग होता. पश्चिम घाटातल्या जातीचे नाव राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या उच्चारावरून बेतले आहे, म्हणजे ‘एनबीपीजीआरेन्सिस’ असे काहीसे. संस्थेचा मान राखला गेला हे खरे, परंतु हे नाव वहीत उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याची मला दया येते.

नाव देण्याचा अधिकार वनस्पती शोधणाऱ्याला आपोआप मिळत नाही. जो तिचे वर्णन आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे प्रसिद्ध करतो त्याचे नाव चालते. वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत असावे लागते आणि एक नमुना आधार-नमुना म्हणून संग्रहालयात ठेवून तसे जाहीर करावे लागते. सन्मानार्थ व्यक्तीचे नाव मात्र खुशाल देता येते. याच कुलातली सोनघंटा, अर्थात अब्युटिलॉन रानडेई, हे त्याचे जवळचे उदाहरण : सह्याद्रीत ती गोळा करणारे रानडे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रहाचे काम पाहत, आणि 1894 साली वुड्रो व श्टाफ यांनी त्यांच्या नावावरून या दुर्मीळ झुडपाचे नामकरण केले. लॅटिन व्याकरणाप्रमाणे पुरुषाच्या आणि स्त्रीच्या नावाला वेगवेगळे प्रत्यय लागतात, तेव्हा आपल्या आईंच्या नावालाही नियमात जागा आहे. अडचण वनस्पतीची आहे, नियमाची नाही.

नमुना पाठवायचा असल्यास फूल, पिकलेले फळ आणि वरची-खालची पाने असलेली एक फांदी घ्यावी; झाड उपटू नये. या कुलातली फुले चिकट रसामुळे वर्तमानपत्राला चिकटून फाटतात, म्हणून पाकळ्यांवर पातळ बटर पेपर ठेवूनच ती दाबावीत आणि कागद पहिले चार दिवस रोज बदलावेत. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, तेव्हा तो ताज्या फुलावरूनच लिहून ठेवावा. तारीख, गाव, जमिनीचा प्रकार आणि आई ज्या नावाने ओळखते ते नाव, हेही लिहावे. आपला बांध आपला आहे, परंतु शेजारच्या यावल अभयारण्याच्या हद्दीतून वन विभागाच्या परवानगीवाचून एक पानही तोडू नये.

प्रश्न : मी धुळ्यात बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले. आमच्या पुस्तकात कपाशी एका कुलात, सावर दुसऱ्या, कांडोळ तिसऱ्या आणि धामण चौथ्या कुलात होती. नातीच्या पुस्तकात ही चारही एकाच कुलात दिसतात. आम्ही चुकीचे शिकवले काय? (एक निवृत्त शिक्षिका, धुळे)

उत्तर : बाई, आपण त्या काळचे सर्वांत चांगले शास्त्र शिकवले. ते बदलले का, याची हकिगत मात्र मनोरंजक आहे.

जुनी विभागणी प्रामुख्याने पुंकेसरांवरून झाली होती. जास्वंदीच्या फुलातून बाहेर डोकावणारी दांडी म्हणजे अनेक केसर एकत्र जुळून झालेली नळी, आणि तिच्यावरचा प्रत्येक परागकोश एका कप्प्याचा. ही खऱ्या भेंडी कुलाची खूण मानली गेली. धामण आणि फालसा यांचे केसर सुटे, म्हणून त्यांचे कुल निराळे. कांडोळ, मुरुडशेंग आणि कोको यांचे परागकोश दोन कप्प्यांचे, म्हणून त्यांचे निराळे. सावर व गोरखचिंच ही मोठ्या खोडांची झाडे चौथ्या कुलात गेली. या सीमा नीट जुळत नाहीत ही कुरकुर मात्र जुनीच होती, कारण काही प्रजाती एका अभ्यासकाच्या पुस्तकात एका कुलात आणि दुसऱ्याच्या पुस्तकात दुसऱ्या कुलात सापडत. आपल्याकडची बरीचशी संग्रहालये ज्या बेंथम व हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या 1862 ते 1883 च्या वर्गीकरण-पद्धतीने लावलेली आहेत, तिच्यात तर सावर कपाशीच्याच कुलात होती. म्हणजे सावरीच्या बाबतीत नवे पुस्तक बरेचसे आजोबांच्या पुस्तकाकडे परतले आहे.

1998 आणि 1999 साली हरितलवकांतील जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली आणि चित्र स्पष्ट झाले. धामणीचे, कांडोळीचे आणि सावरीचे ही तिन्ही जुनी कुले एका पूर्वजाची सगळी लेकरे एकत्र ठेवणारी नव्हती. त्यांत सख्खी भावंडे फुटून चुलत्यांच्या घरी राहिलेली होती. केसर सुटे असणे हे नात्याचे लक्षण ठरले नाही, तर निरनिराळ्या शाखांत टिकून राहिलेले किंवा पुन्हा उद्भवलेले वैशिष्ट्य ठरले. म्हणून चारही कुले एकत्र करून मोठे माल्व्हेसी मानण्यात आले आणि त्याची नऊ उपकुले पाडण्यात आली. या मांडणीत आपल्या सातपुड्यातली मुरुडशेंग, जी लहान मुलांच्या पोटदुखीवर उगाळून देण्याचा प्रघात आहे, ती आणि उग्र वासाबद्दल प्रसिद्ध असलेले आग्नेय आशियातले ड्युरियन एकाच उपकुलात येतात. हे नाते फळे शेजारी ठेवून कुणाच्या ध्यानात आले नसते.

काही वनस्पतिशास्त्रज्ञांना एवढे मोठे कुल अवजड वाटते आणि त्यांनी त्याऐवजी दहा लहान कुले सुचवली आहेत. नात्यांविषयी दोन्ही पक्षांचे बव्हंशी एकमत आहे. वाद भिंती कुठे घालायच्या एवढाच आहे. माझे स्वतःचे मत एका मोठ्या कुलाच्या बाजूने आहे, कारण सर्वांना जोडणाऱ्या खुणा विद्यार्थ्याला हाताने कळतात : सालीचा चिवट वाख, चुरगळल्यावर सुटणारी चिकट तार, पानाच्या बुडापासून पंज्यासारख्या फाकणाऱ्या शिरा, साध्या भिंगातून चांदणीसारखे दिसणारे केस, आणि संवर्ताच्या आतल्या बाजूला दाटीने उभ्या असलेल्या केसांची मध पाझरणारी गादी. या शेवटच्या खुणेइतकी भरवशाची दुसरी नाही. आणि कपाशीवरचा लाल ढेकूण भेंडीवर जातो, सावरीच्या बियांवरही जातो. त्याने कोणते पुस्तक वाचले होते ते विचारू नका.

प्रश्न : आमच्याकडे अंबाडीची आंबट भाजी भाकरीबरोबर नेहमी होते. हल्ली सरबतासाठी मिळणारी लाल अंबाडी तीच का? (एक गृहिणी, शहादा)

उत्तर : दोन वेगळ्या जाती आहेत. वाखासाठी व भाजीसाठी बांधाला लावतात ती अंबाडी हिबिस्कस कॅनॅबिनस. तिची वरची पाने भांगेसारखी खोल चिरलेली असतात आणि नावाचा अर्थही तोच. सरबताची लाल अंबाडी हिबिस्कस सबदारिफा. सरबतासाठी आपण तिचे फळ वापरत नाही, मांसल झालेला लाल संवर्त वापरतो. पहिलीची गुणसूत्रे 36, दुसरीची 72. भाजी दोन्हींच्या पानांची होते, त्यामुळे स्वयंपाकघरात भेद करण्याचे कारण पडत नाही, बियाणे विकत घेताना मात्र पडते.

जाता जाता, हिबिस्कस ही प्रजातीच सध्या अडचणीत आहे. जनुकीय तुलनेत असे दिसते की भेंडी, वनभेंडा आणि आणखी काही गट हिबिस्कसच्या फांद्यांमधूनच निघालेले आहेत. तेव्हा एक तर या सर्वांना हिबिस्कस म्हणावे, म्हणजे भेंडी लिनियसकडे परत जाईल, किंवा हिबिस्कसचे तुकडे करावेत, म्हणजे अंबाडीचे नाव बदलण्याची पाळी येईल. दोन्ही पर्यायांत शेकडो नावे उलटीपालटी होतात.

प्रश्न : आमच्या अंगणात आजोबांच्या वेळेपासून देवकपाशीचे झाड आहे. त्याच्या कापसाच्या वाती करतो. शेतात बीटी कपाशी असते. तिच्याशी मिसळून देवकपाशीचे बी बिघडेल काय? (एक वाचक, एरंडोल)

उत्तर : हे आपली देवकपाशी कोणत्या जातीची आहे यावर अवलंबून आहे, कारण हे एकच नाव आपल्याकडे निदान दोन जातींना दिले जाते.

कपाशीच्या प्रजातीत, म्हणजे गॉसिपियममध्ये, जगात पन्नासच्या आसपास जाती आहेत. पैकी लागवडीत चार. आपल्या दोन देशी जाती, आर्बोरियम आणि हर्बेशियम, यांची गुणसूत्रे 26. अमेरिकेतून आलेल्या दोन, हिर्सुटम आणि बार्बाडेन्स, यांची 52, कारण लाखो वर्षांपूर्वी दोन वेगळ्या वंशांच्या कपाशी एकत्र येऊन त्यांची दुप्पट झाली. शेतातली बीटी कपाशी हिर्सुटम आहे. देशी कपाशीशी तिचा संकर सहजी होत नाही, आणि झालाच तर 39 गुणसूत्रांचे वांझ झाड मिळते. याउलट बार्बाडेन्सशी तिचा संकर उत्तम होतो. 1972 सालची प्रसिद्ध ‘वरलक्ष्मी’ अशाच संकरातून आली होती. तेव्हा अंगणातले झाड देशी आर्बोरियम असेल तर आपण निश्चिंत राहावे. बार्बाडेन्स असेल तर बियाण्यासाठी राखायच्या कळ्यांना उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कागदी पिशवी बांधून ठेवावी.

ओळखण्यासाठी पुन्हा फुलाची पाठच पाहावी. कपाशीच्या पातीला, म्हणजे कळीला, बाहेरून वेढणारी तीन हिरवी पाने म्हणजेच तिचा अपिसंवर्त. आर्बोरियममध्ये ती बोंडाला चिकटून असतात आणि त्यांची कडा जवळजवळ अखंड, फार तर टोकाला तीन-चार उथळ दाते. हर्बेशियममध्ये ती लांबीपेक्षा रुंद व बोंडापासून फाकलेली असून त्यांना सहा ते आठ दाते असतात. अमेरिकी जातींत हे दाते लांब, खोल चिरलेले. बोंड फुटल्यावर प्रत्येक कप्प्यातल्या सरक्या एकमेकींना चिकटून मूत्रपिंडाच्या आकाराचा एक गोळा झालेला दिसला, तर ते बार्बाडेन्सचे अंगणातून आढळणारे रूप आहे असे खुशाल समजावे. फुलाच्या रंगावर विसंबू नये : हिर्सुटमचे फूल सकाळी दुधाळ असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते, त्यामुळे एकाच झाडावर दोन रंग पाहून दोन वाण मिसळले असे वाटण्याचा प्रसंग येतो.

हा प्रश्न अंगणापुरता आहे असे समजू नका. पॅसिफिक महासागरातल्या वेक बेटावरची रानकपाशी बरीच वर्षे हिर्सुटम म्हणूनच नोंदली जात होती; जनुकीय तपासणीनंतर 2017 साली ती गॉसिपियम स्टिफेन्साय ही स्वतंत्र जाती ठरली. इतके पैसे आणि इतकी माणसे ज्या पिकामागे लागलेली आहेत, त्याच्या प्रजातीतही 52 गुणसूत्रांची एक जाती इतकी वर्षे दुसऱ्याच नावाखाली नांदत होती.

प्रश्न : एकदा सापडलेली नवी जाती नंतर रद्द होऊ शकते का? (बारावीचा विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : होते. मांडूच्या किल्ल्यावर जाऊन आला असाल तर तेथील गोरखचिंचेची झाडे पाहिली असतील. आफ्रिकेतील या झाडांपैकी उंच डोंगरांवरची काही झाडे वेगळी आहेत, असे म्हणून 2012 साली ॲडन्सोनिया किलिमा ही जाती जाहीर झाली. अधिक झाडे तपासल्यावर ज्या फरकांवर ती उभी होती ते टिकले नाहीत, आणि 2016 साली तिला पुन्हा जुन्या जातीत विलीन करण्यात आले. असे नाव पुसले जात नाही. ते जुन्या नावाचे समानार्थी म्हणून नोंदीत राहते, आणि उद्या नवा पुरावा आला तर पुन्हा वापरात येऊ शकते.

प्रश्न : काष्ठौषधीच्या दुकानात बला म्हणून मिळणारी मुळे खरी आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे? आमच्या रानात चार प्रकारचा चिकणा आहे. (एक वैद्य, चाळीसगाव)

उत्तर : नुसत्या सुक्या मुळांवरून ते सांगणे धाडसाचे आहे, आणि व्यापारात या सर्वांची सरमिसळ होते याचे कारणही तेच. बला म्हणून सामान्यतः चिकण्याच्या, म्हणजे सिडा प्रजातीतली सिडा कॉर्डिफोलिया, महाबला म्हणून सिडा ऱ्होंबिफोलिया आणि अतिबला म्हणून पेटारी, म्हणजे अब्युटिलॉन इंडिकम, घेतली जाते. नागबलेविषयी आयुर्वेदग्रंथांच्या टीकाकारांत आणि वैद्यांत एकवाक्यता नाही, तिच्यासाठी कोणी सिडा कॉर्डाटा घेतात तर कोणी धामणीच्या गटातली झुडपे.

उभ्या झाडावर मात्र निर्णय सोपा आहे. चिकण्याचे फळ पिकल्यावर चक्राच्या आऱ्यांसारख्या फाकांत सुटते. या फाका सुईने मोकळ्या करून मोजाव्यात आणि त्यांच्या टोकांकडे भिंगातून पाहावे. कॉर्डिफोलियात फाका बहुधा दहाच्या आसपास असतात आणि प्रत्येकीला दोन लांब काटेरी शिंगे असून त्यांवरचे केस खाली वळलेले असतात, म्हणूनच ती धोतराला चिकटतात. पानही हृदयाकृती व मखमली असते. जमिनीसरपट वाढणाऱ्या कॉर्डाटात फाका पाचच असतात. ऱ्होंबिफोलियाचे पान शंकरपाळ्याच्या आकाराचे असून फाका आठ ते बारा असतात, पण या नावाखाली एकमेकींच्या अगदी जवळच्या अनेक जाती दडलेल्या असल्याने तिच्याबाबत फाकांची संख्या, शिंगांची लांबी आणि फुलाच्या देठाची लांबी या तिन्ही गोष्टी एकत्र तपासाव्यात. आपल्या रानातल्या चारही प्रकारांच्या फाका वेगवेगळ्या पाकिटांत घालून, प्रत्येकीसोबत त्याच झाडाची एक वाळवलेली फांदी पाठवावी. मुळे पाठवू नयेत.